जमिनीखालचा उन्हाळा

मार्च संपायच्या आधीच चंद्रपुरात पारा पंचेचाळीसला टेकला, त्या दिवशी नितेश झाडे बायकोला म्हणाला, "या वर्षी घर उभं झालंच पाहिजे. आणखी एक उन्हाळा या फ्लॅटमध्ये काढणं तुलाही जमणार नाही अन् मलाही."

प्रणाली सोफ्यावर मान मागे टाकून पडली होती. मानेवरचा ओला टॉवेल केव्हाच कोमट झाला होता. तो पुन्हा भिजवायचा म्हणजे बाथरूमपर्यंत जायचं, आणि या घडीला बाथरूम तिला फार लांब वाटत होतं.

"हो," ती म्हणाली. हल्ली ती बहुतेक गोष्टींना हो म्हणायची. नाही म्हटलं की कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगायला दम लागतो.

पूर्वी ती ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायची. मग मल्टिपल स्क्लेरॉसिस निघालं. या आजारात मज्जातंतूंवरचं आवरण झिजत जातं, आणि आतले तंतू साल निघालेल्या वायरीसारखे उघडे पडतात. अंग थंड असेल तोवर त्यांच्यातून निरोप कसाबसा पोचतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने जरी वाढलं तरी तो वाटेतच अडकतो. मग प्रणालीचे पाय तिचं ऐकेनासे होत, डाव्या डोळ्यापुढे धुकं येई आणि जीभ जड होई. थंडाव्यात थोडा वेळ काढला की सगळं पुन्हा जागेवर. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, उष्णतेने आजार वाढत नाही, फक्त उघडा पडतो. पण विदर्भात ती वर्षातले चार महिने उघडीच पडलेली असायची.

दोन हजार चाळीसनंतर तिथे दुपार ही जगण्याची वेळच राहिली नव्हती. शाळा, कचेऱ्या पहाटे भरत. आणि उन्हाळ्यात भरदुपारी घरगुती एसींची वीज बंद असे. एसी घरातली उष्णता उपसून बाहेरच्या हवेत टाकतो. बाहेरची हवाच अठ्ठेचाळीसवर असली की ती उष्णता ढकलायला त्याला जास्त जोर लागतो, तो जास्त वीज खातो. गावातल्या सगळ्या एसींनी एकदम जोर लावला की ट्रान्सफॉर्मर पेटत. दोन-तीन उन्हाळे तसे पेटले, मग बंदी आली.

बंदीतून सूट होती ती फक्त भुईपंपाला. फ्लॅटवाल्यांना तो बसवता येत नसे, त्याला पायाखाली स्वतःची जमीन लागायची. म्हणून नितेशने मूल रोडला, गावाबाहेरच्या लेआउटमध्ये प्लॉट घेतला होता. आपल्या धाकट्या भावाच्या, लोकेशच्या घराला लागूनच.

*

चाचणीचा बोअर झाला त्या सकाळी प्रणाली हट्टाने प्लॉटवर गेली. नितेशने तिच्यासाठी कडुनिंबाखाली खुर्ची टाकली. ऊन अजून कोवळं होतं, तरी तिने बर्फाच्या पिशव्यांचं जॅकेट घातलं होतं.

पंप बसवणारी इंजिनिअर सिमरन उईके तिशीतली होती. बोलण्यात कुठेही विक्रेत्याचा गोडवा नव्हता. नितेश म्हणाला, "हे नेमकं चालतं कसं, हे हिला एकदा समजावून सांगा. मी सांगितलं तर हिला पटत नाही."

"सोपं आहे," सिमरन म्हणाली. "एसी उष्णता हवेत टाकतो, भुईपंप जमिनीत टाकतो. आपल्याकडे हवा डिसेंबरात दहावर जाते, मेमध्ये अठ्ठेचाळीसवर. पण वीस-तीस हात खाली गेलं की उन्हाळा-हिवाळा काही कळत नाही. तिथे बाराही महिने एकोणतीसच्या आसपास. या बोअरमध्ये आपण प्लास्टिकची नळी सोडतो, खाली जाऊन वळून वर येणारी. तिच्यात पाणी फिरतं. घरातली उष्णता घेऊन खाली जातं, दगडाला देतं, थंड होऊन वर येतं. जमिनीतलं पाणी उपसायचं नाही, फक्त जमिनीची थंडी वापरायची."

"आणि जमीन ती उष्णता कुठे ठेवते?" प्रणालीने विचारलं.

सिमरनने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "हेच मला आज पाहायचं आहे."

तिने बोअरमध्ये एक लांबलचक केबल सोडली. केबलवर जागोजागी तापमापक होते. मग ती हातातल्या यंत्राच्या पडद्याकडे बघत उभी राहिली. केबल थोडी वर ओढून तिने पुन्हा आकडे पाहिले, तेव्हा नितेश जवळ गेला.

"काय झालं?"

"एकोणतीस पाहिजे होतं. चौतीस आहे."

"मग आणखी खोल जाऊ."

"खोल गेलं की जमीन गरमच होत जाते, साहेब. थंड होत नाही." तिने चढाकडे बोट दाखवलं. प्लॉटच्या वरच्या अंगाला, गल्लीच्या टोकाला लग्नाचं मोठं एसी सभागृह होतं. "त्यांचे भुईपंप किती वर्षांपासून आहेत?"

"सहा-सात वर्षं झाली असतील."

"इथे खाली रेतीचा दगड आहे. त्याच्या भेगांतून पाणी इरईकडे सरकत असतं, अगदी हळू. त्या पाण्याबरोबर उष्णताही सरकते, वर्षाला काही पावलं. त्यांनी वर टाकलेली उष्णता आता तुमच्या प्लॉटखाली आली आहे."

प्रणालीने मान वळवली आणि उताराकडे पाहिलं. अकरावी-बारावीच्या मुलांना पाणलोट शिकवताना ती फळ्यावर बाण काढायची, तसा एक बाण तिच्या डोळ्यांपुढे आला. सभागृह, मग हा रिकामा प्लॉट, आणि त्याच्या खाली पिवळ्या रंगाचं घर.

"आम्ही जी टाकू ती कुठे जाईल?" तिने विचारलं.

"त्या पिवळ्या घराखाली. तिकडे आत्ताही गरम झालं असणारच. तुमची भर पडली की एक-दोन उन्हाळ्यांत त्यांचा पंप दम तोडेल." सिमरनने केबल गुंडाळायला घेतली. "कोणाचं आहे ते?"

"माझ्या दिराचं," प्रणाली म्हणाली.

*

परतताना गाडीत नितेश म्हणाला, "लोकेशला यातलं काही बोलू नको."

"काहून?"

"काहून म्हणजे? नियमात बसते आपली गोष्ट. प्लॉट आपला आहे, मंजुरी मिळते. चौतीसवर पंप थोडी जास्त वीज खाईल, पण चालेल. त्या हॉलवाल्याने आपल्याला विचारलं होतं का?"

"खालचं पाणी प्लॉटची हद्द पाहून नाही चालत, नितेश."

"मग मी काय करू, सांग ना! दुसरीकडे कुठेही जा, दर चार घरांमागे तेच. दोन वर्षं मी फक्त तुझ्यासाठी एक थंड खोली शोधून राहिलो." त्याने सिग्नलला ब्रेक लावला. "मी थकलो आहे, प्रणाली."

तिला त्याच्या दंडावर हात ठेवायचा होता. पण हात उचलेपर्यंत सिग्नल सुटला आणि त्याने गिअर टाकला.

लोकेशपेक्षा अवघड प्रश्न मोनालीचा होता. मोनाली म्हणजे लोकेशची बायको, प्रणालीची धाकटी जाऊ. आजार नवा होता तेव्हा प्रणाली वर्षभर त्यांच्याकडे राहिली होती, आणि तिचं सगळं मोनालीनेच केलं होतं. अंघोळ, जेवण, औषधं, पडली तर उचलणं. एक दिवस स्वयंपाकघरात मोनाली कोणाला तरी फोनवर म्हणाली, "आजार त्यांचा आहे, पण मरून मी राहिली." प्रणाली दारातच उभी होती. भांडण झालंच नाही, आणि झालं असतं तर एक दिवस मिटलंही असतं. प्रणाली दुसऱ्या आठवड्यात फ्लॅटवर परतली, आणि त्यानंतर दोघी सणासुदीला भेटत, हळदीकुंकवाची बोटं एकमेकींच्या कपाळाला लावत आणि आपापल्या घरी जात.

मोनालीचं आता घरातच पाळणाघर होतं. दुपारच्या पाळीच्या नर्सा, बसचालक, वीजकेंद्रावरचे लोक आपली लहान मुलं तिच्याकडे ठेवत. तिच्या घरी भुईपंप होता, म्हणून तर ठेवत.

*

प्रणाली गप्प राहिली खरी, पण ते गप्प राहणं तिला पेलेना. एप्रिलच्या मध्यात नितेश कामावर असताना तिने सकाळीच रिक्षा मागवली आणि जावेकडे जाऊन पोचली. बोलायचं काय ते वाटेत चार वेळा ठरवलं होतं.

मोनालीने दार उघडलं. कडेवर एक मूल, हातात दुधाची बाटली. "ताई? एकट्या आल्या?" मागून कोणी येतंय का, हे तिने आधी पाहिलं. मग बाजूला होत म्हणाली, "या, आत या. दार लावून घ्या, थंडावा जातो."

बाहेरच्या खोलीत चटयांवर मुलं झोपायच्या तयारीत होती. कोणी रडत होतं, कोणी दुसऱ्याची उशी ओढत होतं. प्रणाली भिंतीला टेकून जमिनीवरच बसली. फरशी गार असेल असं तिला वाटलं होतं, पण ती नुसतीच कमी गरम होती.

"पंप बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

"काय बरोबर! दोन उन्हाळ्यांपासून नाटकं करून राहिला. मेकॅनिक येतो, गॅस बघतो, जाळी पुसतो अन् बिल देऊन जातो. मी तर त्याला परवा चांगलंच सुनावलं." मोनालीने कडेवरच्या मुलाला चटईवर टाकलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "तुमचं काय काम होतं? फोनवर नाही का झालं असतं?"

हीच वेळ होती. पण तेवढ्यात एका मुलीने ओकारी काढली, मोनाली फडकं आणायला धावली आणि बोलायचं तोंडातच राहिलं. मग मुलांचं जेवण झालं. मग दुपार चढली.

पंप बंद पडला तो भरदुपारी. आधी आवाज जड झाला, मग एक खट्ट झालं आणि झरोक्यातून येणारा वारा थांबला. मोनालीने बटण दाबलं. पंप सुरू झाला, पुन्हा खट्ट झालं. तिसऱ्यांदा तो हललाच नाही.

"दाब वाढला की स्वतःच बंद होतो," ती पुटपुटली आणि मेकॅनिकला फोन लावला. तो दुसऱ्या टोकाला, बल्लारपूरला होता. संध्याकाळशिवाय येणं जमणार नव्हतं. लोकेश वीजकेंद्रावर ड्यूटीवर, त्याचा फोन गेटवर जमा केलेला.

बंद खोलीत डझनभर मुलं. हवा पाहता पाहता जाड झाली. मुलं उठली आणि एकामागून एक रडायला लागली. प्रणालीने सगळ्यात लहान मुलीला जवळ ओढलं. तिचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. प्रणालीला उठून पाणी आणायचं होतं. तिने पायाला हुकूम दिला, पाय जागचा हलला नाही. डाव्या डोळ्यापुढे धुकं उतरायला लागलं.

मोनालीने तिच्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. वर्षभर हेच पाहिलं होतं तिने. "आता तुम्ही पण?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग यायलाही थोडी ताकद शिल्लक असावी लागते.

"मुलांना ने," प्रणाली म्हणाली. जीभ जड झाली होती, शब्द ओढत आणावे लागत होते. "वरच्या हॉलवर. तिथे थंड असेल. मला राहू दे."

मोनालीने क्षणभर विचार केला. मग चादरी बादलीत बुडवल्या, मोठ्या मुलांच्या डोक्यावर ओल्या टाकल्या, दोघांना कडेवर घेतलं, बाकीच्यांना एकमेकांचा हात धरायला लावला आणि दार उघडून उन्हात गेली. भट्टीचं झाकण उघडावं तशी झळ आत आली आणि दार लागलं.

तिसऱ्या लेकराला उचलायला मोनालीकडे हात उरला नव्हता. मागे प्रणाली राहिली आणि मांडीवर ती मुलगी. मुलीचं नाव तिला माहीत नव्हतं. मुलगी आता रडत नव्हती, आणि त्याचीच प्रणालीला भीती वाटत होती. तिने आपल्या जॅकेटमधली शेवटची बर्फाची पिशवी ओढून काढली. पाणी झालं होतं त्याचं, पण थंड होतं. ती मुलीच्या मानेला धरली. आपले डोळे मिटू नयेत म्हणून ती मोठ्याने नद्यांची नावं म्हणू लागली. वर्धा, वैनगंगा, इरई, झरपट, अंधारी. मुलगी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

दार पुन्हा उघडलं तेव्हा मोनालीच्या मागे हॉलचा वॉचमन होता, आणि त्याच्या हातात लाउडस्पीकर वाहायची ट्रॉली. दोघांनी मिळून प्रणालीला त्यावर बसवलं, मुलीला तिच्या मांडीवर दिलं, वरून ओली चादर टाकली. गल्लीतून ट्रॉली खडखडत चढाला लागली. चादरीआडून प्रणालीला मोनालीच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. ती ढकलत होती.

*

हॉलचं काचेचं दार सरकलं आणि थंडी अंगावर आली. प्रणालीच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते सुख होतं.

आत कोणी नव्हतं. संध्याकाळी लग्न होतं. स्टेजवर दोन सिंहासनासारख्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि मागे शेवंती-ऑर्किडची फुलांची भिंत. शेकडो रिकाम्या खुर्च्यांवर गार वारा पडत होता. मुलं गालिच्यावर लोळत होती. एक जण चक्क नवरदेवाच्या खुर्चीत झोपला होता.

मॅनेजरने पाण्याच्या बाटल्या पाठवल्या, स्वतः विचारपूस केली. माणूस भला होता. मोनालीने त्याला विचारलं, "हे रिकामं असताना पण एवढं थंड ठेवता?"

"बंद केलं तर फुलं जातात, बाई. मग मुलीकडचे लोक आम्हाला सोडतात का?"

लहान मुलगी दूध प्यायली आणि पाय आपटून रडली, तेव्हा मोनालीने पहिल्यांदा मोठा श्वास सोडला. ती प्रणालीच्या शेजारी येऊन बसली. प्रणालीने पायाची बोटं हलवून पाहिली. हलली. जिभेवरचा भार उतरत होता.

"मोनाली, तुझा पंप बिघडला नाहीये," ती म्हणाली. "जमीन गरम झाली आहे."

आणि तिने सगळं सांगितलं. चौतीस अंश, खालून सरकणारं पाणी, त्या पाण्याबरोबर सरकणारी या हॉलची उष्णता. आणि हेही, की आपलं घर झालं की त्याची उष्णता मोनालीच्याच घराखाली जाणार होती.

मोनाली स्टेजवरच्या फुलांकडे बघत ऐकत होती. "मी त्या मेकॅनिकला दोन वर्षं शिव्या दिल्या," ती शेवटी म्हणाली. मग, "तुम्हाला कधी कळलं?"

"तीनेक आठवडे झाले."

"अन् आज सांगून राहिल्या."

"नितेश म्हणाला, नको सांगू."

"भाऊजींच्या आड नका लपू, ताई." मोनाली वळली. "आज यातलं एखादं लेकरू गेलं असतं तर? मी कोणाला तोंड दाखवलं असतं? आयुष्यभर मला वाटलं असतं, माझ्याच हलगर्जीपणाने गेलं."

प्रणाली नुसती मान हलवत राहिली. सर्वांत वाईट हे होतं, की त्या थंडीत तिचं अंग क्षणाक्षणाला हलकं, सुखी होत चाललं होतं. ज्या थंडीने जमीन तापवली, तीच थंडी तिचे पाय तिला परत देत होती.

*

त्याच रविवारी सकाळी प्रणालीने सिमरनला लोकेशच्या घरी बोलावून घेतलं. नितेश आला, पण दारापाशीच खुर्ची घेऊन बसला. लोकेश मुळातच कमी बोलणारा. त्याने भावाला फक्त एवढंच विचारलं, "दादा, तू मला एकदा सांगायचं ना." नितेशने मान खाली घातली.

"यावर उपाय आहे की नाही?" मोनालीने सिमरनला विचारलं.

"आहे, पण सोपा नाही," सिमरन म्हणाली. "आपण जमिनीत आठ महिने उष्णता भरतो आणि कधीच काढत नाही. थंडीच्या देशांत लोक हेच पंप हिवाळ्यात उलटे चालवतात, जमिनीतली उष्णता काढून घर गरम करतात. त्यामुळे त्यांचं वर्षाचं वर्षाला फिटतं. आपल्याला घर गरम करायची गरजच नाही, म्हणून उष्णता साठत गेली. पण डिसेंबर-जानेवारीत आपली रात्र दहा-बारावर येते. तेव्हा बोअरमधलं पाणी वर आणायचं, पंख्यांपुढच्या नळ्यांच्या जाळीतून फिरवायचं, गार हवेत थंड करायचं आणि पुन्हा खाली सोडायचं. म्हणजे हिवाळ्यात जमिनीत थंडी पेरायची. उन्हाळ्यात ती वापरायची."

"मग करू की," लोकेश म्हणाला.

"तुमच्या बोअरमध्ये केलं तर थंडी वाहून खाली जाईल. ती वरच्या अंगाला पेरावी लागेल." सिमरनने खिडकीबाहेर पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. खिडकीबाहेर नितेशचा रिकामा प्लॉट होता. "आणि तिथे दुसरा पंप उष्णता टाकत असेल, तर काही उपयोग नाही. जे कमावू ते तिथल्या तिथे जाईल."

नितेश ताडकन उठला. "म्हणजे घर बांधायचं नाही? स्पष्ट बोला ना."

"पंपाशिवाय बांधता येईल," सिमरन म्हणाली.

"पंपाशिवाय घर घेऊन मी काय करू? मला काय घराची हौस आहे? ही बाई दर दुपारी माझ्या डोळ्यांपुढे लाकडासारखी पडते!" त्याचा आवाज फाटला. "मी तिला शब्द दिला होता."

"नितेश," प्रणाली म्हणाली. "मी तुझ्या शब्दातून तुला मोकळं करते. प्लॉटवर बोअर पाड, पण थंडीसाठी. घर राहू दे."

"अन् तू? तू कुठे राहशील?"

रविवारीही एक मूल पाळणाघरात आलं होतं, मोनाली त्याला मांडीवर घेऊन त्याच्या नखातला मळ काढत होती. तिने वर न बघताच म्हटलं, "मागची खोली रिकामी आहे."

प्रणालीने तिच्याकडे पाहिलं.

"पण आत्ताच सांगते, ताई. मी तुमचं काही करणार नाही. अंघोळीला बाई लावा. औषधं भाऊजी बघतील. तेव्हा माझ्याकडून झालं, आता नाही होणार."

"नको करू," प्रणाली म्हणाली. "मी दुपारी तुझ्या मुलांपाशी बसत जाईन. तेवढं बसल्या जागी होतं मला."

"बसा. पण त्यांना नकाशे-बिकाशे शिकवू नका. झोपेची वेळ असते ती."

लोकेशला हसू आलं, त्याने ते चहाच्या कपात लपवलं. नितेश बाहेर ओसरीत जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने प्रणाली भिंतीचा आधार घेत त्याच्याजवळ गेली. तो रडत होता. पुष्कळ दिवस उभ्या राहिलेल्या माणसाला कोणीतरी बस म्हणावं, आणि बसल्यावर त्याला आपल्या पायांची कळ जाणवावी, तसा. या वेळी मात्र तिने वेळेवर त्याच्या दंडावर हात ठेवला.

*

पावसाळा गेल्यावर प्लॉटवर बोअर पडले. त्यावर पत्र्याच्या छपराखाली पंख्यांची रांग बसली. डिसेंबरात हवा उतरली तसे ते पंखे सुरू झाले. पहाटे कानटोपी घालून नितेश त्यांच्यावरची धूळ पुसायला जाई. फिरायला निघालेले लोक थांबून विचारत, "झाडे साहेब, इथे तर घर होणार होतं ना?" तो म्हणे, "होईल, होईल." पुढे लोकांनी विचारणं सोडलं. रांगेतल्या आणखी दोन घरांनी आपल्या बोअरना तशीच जाळी लावली. बाकीच्यांनी बघू म्हटलं.

सभागृहाच्या मॅनेजरनेही रिकाम्या वेळी थंडी कमी ठेवायचं कबूल केलं होतं. महिनाभर त्याने ते पाळलं. मग लग्नसराई आली.

मेमध्ये सिमरनने केबल सोडून पाहिलं. पारा एका अंशानेसुद्धा उतरला नव्हता, जेमतेम पाऊण अंश. ती स्वतः खूश होती. "वरून उष्णता येतच आहे. अशा वेळी नुसता चढला नसता तरी मी समाधान मानलं असतं. पाच-सहा हिवाळे असेच करा, मग फरक दिसेल."

"पाच-सहा," मोनाली म्हणाली आणि दुधाचं पातेलं उतरवायला आत गेली.

त्या उन्हाळ्यात पंप एकदाच बंद पडला, आणि तेव्हाही बटण दाबल्यावर सुरू झाला. थंडावा पूर्वीसारखा नव्हता. झोपलेल्या मुलांच्या कपाळावर घामाचा बारीक थर असायचा, पण मुलं झोपत होती.

अशाच एका दुपारी प्रणाली चटयांच्या मधोमध उशीला टेकून बसली होती. सकाळी अंघोळीला टाकीतलं तापलेलं पाणी पडलं होतं आणि खोलीही जेमतेमच गार होती. पाय आज साथ देत नव्हते, म्हणून ती जागची हलली नव्हती. मोनाली भांडी आवरून आली. शेवटच्या मुलाला थोपटता थोपटता ती भिंतीला टेकली, आणि बोलता बोलता तिचा आवाज मध्येच थांबला. प्रणालीने वळून पाहिलं. मोनाली झोपली होती. तोंड किंचित उघडं, हात मुलाच्या पाठीवर तसाच.

दुपारी मोनालीला झोपलेलं तिने आजवर पाहिलं नव्हतं.

पलीकडच्या चटईवर ती छोटी मुलगी उठून बसली आणि रडायला तोंड वासलं. प्रणालीने ओठांवर बोट ठेवून तिला जवळ बोलावलं. मुलगी रांगत आली आणि तिच्या निर्जीव मांडीवर डोकं टेकून पडली. तिचं वजन प्रणालीला आज जाणवत नव्हतं, पण ती तिथे आहे हे दिसत होतं. खालून पंपाचा एकसुरी आवाज येत होता. खिडकीच्या पडद्यामागे ऊन पांढरं पडलं होतं. प्रणालीने डोळे ताणून उघडे ठेवले. जागं राहायला पाय लागत नाहीत, आणि आज जागं राहायची पाळी तिची होती.